तेरा मिनिटं

१ नोव्हेंबर १९५६ला करजगीची माणसं झोपेतून उठली ती दुसऱ्याच राज्यात. गाव जागचं हललं नव्हतं. अफझलपूर तालुका तोच, मराठी-कानडीची सरमिसळ तीच, सोलापूरही होतं तेवढ्याच अंतरावर. फक्त हैदराबाद राज्य नावाचं काही आता उरलं नव्हतं. गुलबर्गा, रायचूर आणि बिदरचा मोठा भाग म्हैसूरकडे गेला. बिदरमधून सुटलेले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके उस्मानाबादला जोडून मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आले. तेलंगण आंध्रात गेलं. भाऊ वेगळे झाले की घरातली भांडीकुंडी वाटली जातात, तशी एका मोठ्या राज्याची वाटणी झाली.

त्यानंतर तेहतीस दिवसांनी, ४ डिसेंबरला, मेलबर्नमध्ये भारताचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियासमोर उभा राहिला. त्या संघाचा कणा याच मोडलेल्या राज्यातून आलेला होता. अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन आणि सिकंदराबादचा तुळसीदास बलराम ही हैदराबादची मंडळी; प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीमही तिथलेच. कप्तान कोलकात्याचा समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. सगळ्यांत पुढे मुंबईच्या मैदानांवर तयार झालेला, मूळचा गोव्याचा नेव्हिल डिसोझा.

मध्यंतराला गोलफलक कोरा होता. ५२व्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत पुढे गेला. आशियातला कुठलाही देश तोवर ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला नव्हता. हा तर तिथे आघाडीवर होता. ५४व्या मिनिटाला पापेत्सने बरोबरी साधली. ५७व्या मिनिटाला वेसेलिनोविचने दुसरा गोल केला. ६५व्या मिनिटाला पुन्हा पापेत्स. ७८व्या मिनिटाला चेंडू अब्दुस सलामच्या पायाला लागून आपल्याच गोलात गेला आणि निकाल ४–१ असा लागला. पण सामना खरं म्हणजे ५२ ते ६५ या तेरा मिनिटांतच हातून गेला होता.

त्या तेरा मिनिटांत काय बिघडलं? सत्तर वर्षं झाली, उत्तरं तीच ती मिळतात: नशीब, दमछाक, गोऱ्यांची धिप्पाड शरीरं. यातल्या प्रत्येकात थोडंफार तथ्य आहे, म्हणून तर ती टिकली. पण सामन्यांची मिनिटं एकापुढे एक मांडली तर ही उत्तरं पुरत नाहीत.

आधी थोडं मागे जायला हवं. स्वतंत्र भारताचा पहिला ऑलिम्पिक फुटबॉल सामना ३१ जुलै १९४८ला लंडनजवळच्या इलफर्ड इथं फ्रान्सशी झाला. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी होते. काहींनी पायाला पट्ट्या गुंडाळल्या होत्या. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. रामनच्या गोलाने १–१ अशी बरोबरी झाली खरी, पण अगदी शेवटी फ्रान्सने दुसरा गोल करून सामना नेला. प्रेक्षकांनी मात्र अनवाण्यांवर कौतुकाची खैरात केली, आणि ते कौतुक आपल्याला जरा जास्तच गोड लागलं. बुटांवाचून आपलं काही अडत नाही, हा समज त्यातून पक्का झाला.

तो समज उतरवला हेलसिंकीने. १५ जुलै १९५२ला तिथल्या गारठ्यात भारताची गाठ पडली ती याच युगोस्लाव्हियाशी. निकाल १०–१. एकट्या झेबेत्सने चार गोल केले. आपला एकमेव गोल अहमद खानचा, तोही सामना संपत आल्यावर. ओल्या गवतावर अनवाणी पाय घसरतो, वळताना तोल जातो, समोरच्याच्या बुटाखाली बोटं येतील या भीतीने चेंडूवर जाताना माणूस क्षणभर थबकतो, आणि या पातळीवर तो क्षणच पुरेसा असतो. मायदेशी टीकेची झोड उठली आणि भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

इतका मोठा मार बसला की कारण शोधावं लागत नाही, ते डोळ्यांसमोर उभं असतं. चामड्याचा बूट विकत घेऊन पायात घातला की निम्मं काम झालं. मेलबर्नचं दुखणं असं दिसणारं नव्हतं.

या दोन सामन्यांच्या मधली चार वर्षं ज्या माणसाची, ते रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर. जन्म १९०९चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठात शिकताना ते ‘इलेव्हन हंटर्स’ या कॉलेजच्या संघातून खेळले. नंतर शहरातल्या वेगवेगळ्या शाळांत शिकवता शिकवता हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत राहिले. मास्तरकीची सवय त्यांच्या सरावातही उतरली होती. काही स्पर्धांमध्ये ड्रिब्लिंगला बंदी: चेंडू आला की लगेच पुढे द्यायचा, पायात घोळवत बसायचं नाही. काहींमध्ये डाव्या पायाने खेळणाऱ्याने उजवाच वापरायचा आणि उजव्याने डावाच. चार लोकांना चकवून टाळ्या घेण्याची ज्या देशातल्या खेळाडूंना भारी हौस, तिथे हा प्रकार म्हणजे गवयाला ताना मारायला मनाई करण्यासारखाच.

त्याचं फळ आधी मुंबईने पाहिलं. हैदराबाद सिटी पोलीस या रहीमांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला. कोलकात्याचे नावाजलेले क्लब येत होते आणि हात हलवत परत जात होते. हैदराबादवरच्या पोलीस कारवाईला जेमतेम दोन वर्षं झाली होती, राज्याचं पुढे काय होणार हे कुणाला माहीत नव्हतं, आणि त्या राज्याच्या राजधानीतले शिपाई-हवालदार मुंबईच्या कूपरेज मैदानावर देशाला फुटबॉल शिकवत होते. मराठी क्रीडालेखनात हा अध्याय फारसा दिसत नाही. मुंबईची क्रिकेटची कौतुकं संपली, तर दुसऱ्या खेळाची पाळी येणार ना!

१९५१च्या दिल्ली एशियाडमध्ये रहीमांच्या हाताखाली भारताने अंतिम सामन्यात इराणला १–० हरवून सुवर्णपदक घेतलं. दोन वर्षांनी हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडचा ६–३ असा फडशा पाडला. त्यांचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी आपली जागा सोडून मागे सरकायचा आणि त्याच्यावर नेमलेला बचावपटू बुचकळ्यात पडायचा. हा डाव जगभरच्या प्रशिक्षकांनी गिरवला; रहीमांनी तो लवकर उचलला, असं भारतीय फुटबॉलचे जाणकार सांगतात.

मेलबर्नला जाताना भारताकडून कुणाच्या फारशा अपेक्षा नव्हत्या. पण त्या वर्षी जगाचंच गणित विस्कटलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, सुएझवर युद्ध पेटलं, एकेका देशाने अंग काढून घेतलं आणि फुटबॉलमध्ये उरले अवघे अकरा संघ. पहिल्या फेरीत भारतासमोर हंगेरी होता; त्यांचा संघ आलाच नाही आणि भारत न खेळता पुढे गेला. वेम्बली गाजवणाऱ्यांच्या देशाशी गाठ टळली हे नशीबच. पण या न झालेल्या सामन्याची एक किंमतही होती, ती पुढे येईल.

१ डिसेंबरला उपांत्यपूर्व सामन्यात यजमान ऑस्ट्रेलिया. नेव्हिलने हॅटट्रिक केली, ऑलिम्पिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची पहिली. ८०व्या मिनिटाला किट्टूने चौथा गोल घातला आणि भारत ४–२ ने जिंकला. जिंकलेल्या सामन्याचं कुणी शवविच्छेदन करत नाही. करायला हवं होतं.

कारण त्या सामन्यात भारत पहिल्यांदा पुढे गेला तो ९व्या मिनिटाला. १७व्या मिनिटाला मॉरोने बरोबरी केली. दुसऱ्यांदा पुढे गेला ३३व्या मिनिटाला. ४१व्या मिनिटाला पुन्हा मॉरो, पुन्हा बरोबरी. म्हणजे पूर्वार्धात दोनदा आघाडी मिळाली आणि दोन्ही वेळा ती आठ मिनिटंच टिकली. उत्तरार्ध सुरू होताच, ५०व्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा गोल आला आणि तो सांभाळता आला, कारण समोर ऑस्ट्रेलिया होता. तीन दिवसांनी समोर युगोस्लाव्हिया होता आणि आघाडी टिकली ती दोन मिनिटं. अपघात तीन-तीनदा सारख्याच वळणाने होत नाही. या संघाला गोल कसा करायचा ते ठाऊक होतं. केलेला राखायचा कसा, ते नव्हतं.

यातच दुसरीही गंमत दिसते. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५०वं मिनिट, युगोस्लाव्हियाविरुद्ध ५२वं: दोन्ही वेळा मध्यंतर संपल्यावर सात मिनिटांच्या आत गोल. विश्रांतीच्या दहा-पंधरा मिनिटांत मास्तर काहीतरी नेमकं सांगत असणार आणि पोरं ते जाऊन अचूक करत असणार. पण आता खेळाडू बदलतात तसे तेव्हा ऑलिम्पिकमध्ये बदलता येत नसत. गोल झाल्यावर आघाडीचा एक गडी काढून ताज्या दमाचा बचावपटू घालायची सोय नव्हती. मास्तर बाकावर आणि परीक्षा मैदानात. उत्तर आतल्या अकरा जणांनीच शोधायचं, तेही समोर खवळलेले युगोस्लाव्ह असताना.

त्यांना ते का सापडलं नाही, याचं मूळ मायदेशातल्या स्पर्धांत आहे. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक सामने सत्तर मिनिटांचे असत, पस्तीस-पस्तीसचे दोन भाग. यावरून लोक लगेच दमछाकीकडे वळतात. पण बरोबरीचा गोल ५४व्या मिनिटाला झाला आणि दुसरा ५७व्या; सत्तर मिनिटांची सवय असलेला माणूस तेवढ्यात थकून बसत नाही. ६५वं मिनिट आणि ७८व्या मिनिटाचा तो स्वयंगोल दमलेल्या पायांच्या खात्यावर घालता येईल. पहिल्या दोन गोलांची जबाबदारी पायांवर नाही. छोट्या सामन्याने खेळाडूला दमाआधी दुसऱ्याच गोष्टीला पारखं केलं होतं: वेळ खाणं. सत्तर मिनिटांत एक गोल पुढे असलात की वीसेक मिनिटं धावाधाव करून निभावतं. नव्वद मिनिटांत चेंडू मागे देणं, खेळ संथ करणं, समोरच्याचा जोर ओसरू देणं ही स्वतंत्र कला लागते. युगोस्लाव्ह खेळाडू ती आपल्या लीगमध्ये दर आठवड्याला घोटत होते. आपल्या रोव्हर्स, ड्युरँडसारख्या स्पर्धा बाद पद्धतीच्या. तिथे धडक मारणाऱ्याचं कौतुक व्हायचं.

त्यात विश्रांतीचा हिशेब. युगोस्लाव्हियाने उपांत्यपूर्व सामना २८ नोव्हेंबरला खेळला होता आणि अमेरिकेला ९–१ असं झोडपलं होतं. उपांत्य सामन्याला ते सहा दिवसांच्या विश्रांतीनंतर आले. भारत तीन दिवसांच्या. आणि हंगेरीचा सामना न झाल्यामुळे भारताला या स्पर्धेत त्याआधी युरोपीय वेगाची चव घेण्याची एकमेव संधीही गेली होती. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्ले त्यानंतर ऑलिम्पिकमध्ये थेट उपांत्य सामन्यातच त्या तोडीच्या संघाशी गाठ. तालमीत न उतरता एकदम मोठ्या फडात शड्डू ठोकल्यासारखंच ते.

युगोस्लाव्हिया किती पाण्यात होता तेही पाहायला हवं. १९४८, १९५२ आणि १९५६ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवलं आणि १९६०ला सुवर्ण. कम्युनिस्ट देशांत व्यावसायिक खेळाडू कागदोपत्री नव्हतेच. सैन्यात किंवा कारखान्यात नोकरी आणि काम फुटबॉलचं, म्हणून देशाचे उत्तम खेळाडू हौशी म्हणून ऑलिम्पिकला जात. इंग्लंड-फ्रान्सला तसं करता येत नव्हतं. मेलबर्नला ब्रिटनच्या हौशी संघाने बल्गेरियाकडून ६–१ असा मार खाल्ला. तिन्ही पदकं सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया आणि बल्गेरिया यांनी वाटून घेतली. आपल्याकडे ही तक्रार अजून ऐकू येते. पण आपलेही खेळाडू पोलिसात, रेल्वेत, टाटांकडेच होते. नोकरी एकीकडे आणि खेळ दुसरीकडे, हा प्रकार भारताला काही नवा नव्हता. फरक होता तो नोकरीनंतर मिळणाऱ्या सामन्यांच्या दर्जाचा.

हवेला दोष द्यायचीही सोय नव्हती. हेलसिंकीला गारठा होता. मेलबर्नचा डिसेंबर म्हणजे उन्हाळा. पायात बूट होते. पंचांनी घात केला अशीही गोष्ट नाही. बरं, आशियाई संघांना युरोपपुढे टिकताच येत नव्हतं असंही नाही: त्याच स्पर्धेत इंडोनेशियाने सोव्हिएत संघाला गोलशून्य बरोबरीत रोखलं होतं. पुन्हा झालेल्या सामन्यात ते ४–० हरले, पण पहिल्या दिवशी बचाव म्हणजे काय ते त्यांनी दाखवलं.

७ डिसेंबरला कांस्यपदकासाठी बल्गेरियाशी सामना झाला. बल्गेरिया ३–० ने जिंकला, त्यातले दोन गोल मध्यंतराआधीच. भारत चौथा. आदल्याच दिवशी हॉकीत भारताने पाकिस्तानला १–० हरवून सुवर्णपदक राखलं होतं, देश त्या आनंदात होता. आणि महाराष्ट्र कशात होता ते सांगायला नको. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण झालं; ७ तारखेला दादरला चौपाटीकडे माणसांचा महासागर लोटला होता. मुंबईच्या नेव्हिलने ऑलिम्पिकमध्ये चार गोल केले, वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्या बरोबरीने तो स्पर्धेतला सर्वाधिक गोल करणारा ठरला, ही बातमी मुंबईत वाजलीच नाही. १९८०ला तो गेला तेव्हाही ती फार जणांना ठाऊक नव्हती.

चौथा क्रमांक हा मोठा विचित्र निकाल असतो. पदक नाही, पण नाचक्कीही नाही. १०–१ झाल्यावर महासंघाला काहीतरी करणं भाग पडलं. ४–१ नंतर पाठ थोपटून घेता आली: जगात चौथे आलो, शिवाय आघाडीवर होतो! सामने सत्तर मिनिटांचे ते तसेच राहिले, पुढेही कितीतरी वर्षं. परदेशी संघांशी नियमित गाठ पडेल अशी काही व्यवस्था उभी राहिली नाही. दोन वर्षांनी टोकिओच्या एशियाडमध्ये भारत पुन्हा चौथा आला. या बाबतीत बोट दाखवायचं तर ते मैदानातल्या अकरा जणांकडे दाखवणं अन्यायाचं होईल.

हैदराबादचं म्हणाल, तर राज्य गेलं तरी संघ लगेच विझला नाही. हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ या दोन्ही हंगामांत संतोष ट्रॉफी जिंकली, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात मुंबईला हरवून. १९५९मध्ये सिटी पोलिसांचा संघ आंध्र प्रदेश पोलीस झाला. नावातलं शहर गेलं आणि हळूहळू शहरातला फुटबॉलही.

१९६०च्या रोम ऑलिम्पिकला रहीमच प्रशिक्षक होते. हंगेरीकडून भारत २–१ असा हरला. पुढचा सामना फ्रान्सशी. ७१व्या मिनिटाला कप्तान पी. के. बॅनर्जीने गोल केला. देशातल्या सामन्यात तोवर शिट्टी वाजून खेळाडू घरी निघाले असते. ८२व्या मिनिटाला फ्रान्सने बरोबरी केली. आघाडी टिकली अकरा मिनिटं. त्यानंतर पेरूकडून हार झाली आणि भारत बाहेर पडला. त्यानंतर आजतागायत भारतीय पुरुषांचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकला गेलेला नाही.

दोन वर्षांनी जकार्ता एशियाड. रहीमांना कर्करोगाने गाठलं होतं. ४ सप्टेंबर १९६२ला अंतिम सामन्यात समोर दक्षिण कोरिया, आणि गच्च भरलेलं स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडत होतं. डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेलसिंग मास्तरांनी आघाडीला खेळवला. १७व्या मिनिटाला पी. के.चा गोल, २०व्या मिनिटाला जर्नेलचा. मग कोरियाच्या लाटांवर लाटा. ८५व्या मिनिटाला त्यांनी एक गोल परत केला आणि उरली पाच मिनिटं. या वेळी ती पाचही मिनिटं भारताने खेळून काढली. पुढच्या वर्षी, ११ जून १९६३ला, रहीमसाहेब हैदराबादेत वारले.